रंगाखालचे हात

दोस्तांनो, आज मी तुम्हाला एका जत्रेला घेऊन जाणार आहे. पण या जत्रेत ना आकाशपाळणा, ना भेळेची गाडी, ना पिपाण्या. इथे आहेत फक्त मोटारी! कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण ५० किलोमीटरवर पोमोना नावाचं शहर आहे. तिथल्या 'फेअरप्लेक्स' मैदानावर दर हिवाळ्यात 'ग्रँड नॅशनल रोडस्टर शो' भरतो. रोडस्टर म्हणजे पक्कं छप्पर नसलेली, दोन माणसांपुरती उघडी गाडी. हे प्रदर्शन पहिल्यांदा भरलं १९५० साली, ओकलंड शहरात. २००४ पासून ते पोमोनाला भरतं. इथे सगळ्यात देखण्या रोडस्टरला चषक देतात. केवढा असेल? तब्बल नऊ फूट उंच! म्हणजे चषक घरी न्यायचा तर आधी घराचं छत मोजायला हवं.

माझी बहीण तिकडेच राहते. तिची मुलगी चौदा वर्षांची. तिला मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर." तर तिने नाक मुरडलं. "मामा, म्हाताऱ्या लोकांच्या जुन्या गाड्या बघण्यात सबंध शनिवार घालवायचा?"

मी म्हटलं, "दुपारच्या जेवणाला पिझ्झा." मग निघाली.

आत गेलो आणि डोळे दिपले. मोठमोठी दालनं आणि त्यांत शेकडो गाड्या. कुणी जांभळी, कुणी नारिंगी, कुणी आमरसासारखी पिवळीधमक. बॉनेट उघडी, इंजिनं आरशासारखी लखलखणारी. काही गाड्यांच्या खाली तर खरेखुरे आरसे ठेवलेले, म्हणजे पोटाखालची कारागिरीही दिसावी!

पण गंमत अशी की, सगळ्यात जास्त गर्दी होती ती एका बिनरंगाच्या गाडीभोवती. नुसता राखाडी, उघडाबोडका पत्रा. भाची म्हणाली, "अरे, हिला रंग द्यायला विसरले वाटतं!"

शेजारी निळा डगला घातलेले एक आजोबा उभे होते. त्यांना मराठी कुठून येणार? पण तिचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं. हसून म्हणाले, "रंगाखाली पुष्कळ काही लपवता येतं, मुली. हिच्यावर काही लपलेलं नाही. म्हणून आम्ही पत्रेवाले हीच बघत बसतो."

आजोबा स्वतः पत्र्याचं काम करणारे निघाले. त्यांची कार्यशाळा जवळच होती. "दुपारी या, दाखवतो," म्हणाले. आम्ही पिझ्झा खाल्ला आणि निघालो. रस्त्यात मी भाचीला जी गोष्ट सांगितली, ती आधी तुम्हालाही सांगतो. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

१९३२ साली फोर्ड कंपनीने साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-आठ इंजिन बसवलं. दणकट आणि जोरकस. काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या घेतल्या. मडगार्ड काढ, काच काढ, जास्तीचं वजन फेकून दे, इंजिनात फेरफार कर, असं करून ते त्या पळवू लागले. हाच 'हॉट रॉड'. पळवायच्या कुठे? तर मोहावीच्या वाळवंटात. तिथे म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत. पाऊस पडला की पाणी साठतं, ते आटलं की खाली उरते मैलोन् मैल सपाट, टणक जमीन. १९३७ साली या पोरांच्या मंडळांनी मिळून एक संघटना काढली आणि शर्यतींना शिस्त आणली. म्युरॉक पुढे हवाई दलाच्या तळात गेलं. पण एल मिराजवर ही संघटना आजही शर्यती भरवते.

मग आलं दुसरं महायुद्ध. लॉस एंजेलिसच्या आसपास विमानांचे प्रचंड कारखाने होते. तिथे हजारो माणसं ॲल्युमिनियमचा पत्रा वळवायला, जोडायला शिकली. युद्ध संपलं, पण हातातली विद्या थोडीच संपते? ती गाड्यांकडे वळली. बिल बर्क नावाच्या गड्याने तर कमालच केली. लढाऊ विमानाच्या पोटाखाली जादा इंधनाची एक टाकी लटकवतात. आकार थेट पाण्याच्या थेंबासारखा, म्हणजे वारा कापायला उत्तम. १९४६ मध्ये बर्कने अशी टाकी घेऊन तिचीच मोटार बनवली! पुढे अशा टाकीच्या गाड्यांची परंपराच पडली. ॲलेक्स झिडियसच्या 'सो-कॅल स्पीड शॉप'ची टाकीगाडी १९५२ साली बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी १९८ मैल, म्हणजे जवळजवळ ३१९ किलोमीटर वेगाने धावली. फेकून दिलेल्या टाकीतून!

हॉट रॉड वेगासाठी. त्याचा एक भाऊ आहे, 'कस्टम'. तो दिसण्यासाठी. कंपनीने दिलेली गाडी कापायची, वळवायची, बुटकी करायची आणि जगात एकच असेल अशी बनवायची. या कामात दोन भावांचं नाव फार मोठं आहे. जॉर्ज बॅरिस आणि सॅम बॅरिस. ग्रीक वंशाची ही मुलं लहानपणीच आईवडिलांना पारखी झाली आणि कॅलिफोर्नियातल्या रोझव्हिल गावी काका-काकूंकडे वाढली. पुढे लॉस एंजेलिस भागात त्यांनी दुकान थाटलं. नावातला 'कस्टम' हा शब्द इंग्रजी 'सी'ऐवजी मुद्दाम 'के'ने लिहीत. (शाळेत असं लिहू नका, मार्क जातील!)

जॉर्जकडे कल्पना होत्या, बोलणं होतं, फोटो काढायची हौस होती. आणि सॅमकडे? सॅमकडे हात होते. १९४९ ची नवी मर्क्युरी गाडी सॅमने स्वतःसाठी घेतली आणि चक्क करवत लावून तिचा टप खाली आणला.

"त्यात काय एवढं?" भाची म्हणाली. "खांब कापायचे, मधला तुकडा काढायचा, परत जोडायचं."

तुम्हालाही तसंच वाटतंय ना? मग एक प्रयोग करा. चहाचा कागदी कप घ्या. मधोमध दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी गोल कापून काढून टाका. आता वरचा भाग खालच्या भागावर ठेवा. जुळतो का? नाही जुळत! कारण कप खाली निमुळता आहे, वर रुंद आहे. गाडीचंही तसंच, फक्त उलटं. खांब वर जाताना आत झुकलेले असतात. तुकडा काढला की वरचे खांब खालच्या खांबांवर बसतच नाहीत. मग खांब वाकवा, नाहीतर टप चिरून त्यात पत्र्याची पट्टी घाला. मागची काच बसेना, तिचा उतार बदला. दाराची चौकट जुळेना, ती नव्याने घडवा. एका जागी कापलं की दहा जागी पत्रा ठोकून जुळवावा लागतो. आणि शेवटी असं दिसलं पाहिजे की गाडी कारखान्यातून अशीच आली होती!

१९५२ साली बॉब हिरोहाता नावाच्या तरुणाने आपली १९५१ ची मर्क्युरी बॅरिस बंधूंच्या दुकानात दिली. टप पुढून चार इंच आणि मागून सात इंच खाली आणला. दारांमधला खांबच काढून टाकला. अंगावर सौम्य हिरवा रंग. ती गाडी 'हिरोहाता मर्क' म्हणून गाजली. आणि मग? मग लोक तिला विसरले. १९५९ मध्ये जिम मॅकनील नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने ती जुन्या गाड्यांच्या दुकानातून ५०० डॉलरला घेतली. त्याने ती आयुष्यभर सांभाळली. २०१७ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचं नाव चढलं. २०२२ मध्ये तिचा लिलाव झाला, तेव्हा बोली जवळपास २० लाख डॉलरवर गेली.

एवढ्यात आजोबांची कार्यशाळा आली.

बाहेरून साधी पत्र्याची शेड. आत मात्र भिंतभर हातोड्या. मी चाळीसपर्यंत मोजल्या आणि नाद सोडला. लाकडी, रबरी, गोल डोक्याच्या, चपट्या, काही तर म्हशीच्या शिंगासारख्या वळलेल्या. कोपऱ्यात झाडाचा एक बुंधा, त्याला मधोमध वाडग्यासारखा खळगा. शेजारी वाळू भरलेली चामड्याची उशी. पत्रा यांच्यावर ठेवून ठोकला की खाली जायला जागा मिळते आणि तो वाटीसारखा खोल होतो.

"हातोडीने पत्रा वाकतो, असं लोकांना वाटतं," आजोबा म्हणाले. "खरं म्हणजे तो ताणला जातो."

हे समजायला तुम्ही स्वयंपाकघरात जा. आई किंवा बाबा पोळी लाटत असतील. पोळीची कडा जास्त लाटली गेली तर काय होतं? तिथे कणीक पसरते, जागा पुरत नाही आणि झालरीसारख्या लाटा येतात. आणि मधलाच भाग जास्त पसरला तर? पोळी मध्ये फुगते. पत्र्याचंही अगदी तसंच! मध्ये ताणला की वाटी, कडेला ताणला की झालर. कुठे ताणायचा आणि कुठे आवळायचा, एवढंच हे शास्त्र. ते यायला मात्र पंधरा-वीस वर्षं लागतात, असं आजोबांचं म्हणणं.

लाटण्याचं काम करणारं एक यंत्रही तिथे होतं. त्याला 'इंग्लिश व्हील' म्हणतात. इंग्रजी 'सी'च्या आकाराची भलीमोठी लोखंडी चौकट. तिच्या तोंडात दोन चाकं, एकावर एक. वरचं सपाट, खालचं जरा फुगीर. मधून पत्रा पुढेमागे सरकवत राहायचं. विजेचं बटण नाही, मोटर नाही. फक्त दोन हात.

मग आजोबांनी जादू दाखवली. ॲल्युमिनियम ठोकून ठोकून कडक होतं आणि मग तडकतं. त्याला पुन्हा मऊ करायला तापवावं लागतं. पण पंचाईत अशी की, लोखंड तापलं की लाल होतं, ॲल्युमिनियम वितळेपर्यंत लाल होतच नाही! मग किती तापलं हे कळायचं कसं? आजोबांनी गॅसची ज्योत मुद्दाम धुरकट केली आणि पत्र्यावर काजळी धरली. पत्रा काळाकुट्ट! मग ज्योत स्वच्छ केली आणि पत्रा शेकू लागले. हळूहळू काजळी उडून गेली आणि पत्रा परत चंदेरी झाला. "झालं. आता तो मऊ आहे," आजोबा म्हणाले. काजळी जळून जाते तेव्हाच पत्रा हवा तितका तापलेला असतो. थर्मामीटर नाही, काही नाही. नुसती काजळी!

भाचीने फोन खिशात ठेवला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"पण शेवटी रंगाखाली पुट्टी भरतातच ना?" मी विचारलं. आपल्याकडे गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग करताना पोच्यावर पुट्टी लावतात, ते मी पाहिलेलं होतं.

आजोबा म्हणाले, "जुन्या काळी शिसं भरायचे." सत्तर भाग शिसं आणि तीस भाग कथील. आधी पत्र्याला कथलाचा पातळ हात द्यायचा, म्हणजे शिसं धरतं. अहो, ही तर आपली कल्हई! मग ज्योतीने शिसं लोण्यासारखं मऊ करायचं, लाकडी पट्टीने थापायचं आणि कानशीने घासायचं. काही गाड्यांच्या अंगात इतकं शिसं असायचं की त्यांना चेष्टेने 'शिशाची घसरगाडी' म्हणत. पण शिसं विषारी आहे. त्याची धूळ किंवा वाफ पोटात जाणं फार वाईट, मुलांना तर जास्तच. तेव्हा हा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही, बरं का! उत्तम कारागीर पत्राच इतका नीट ठोकतो की भरायला काही लागतच नाही.

"आता डोळे मीट," आजोबा भाचीला म्हणाले. त्यांनी एका मडगार्डावर पातळ सुती फडकं टाकलं, त्यावर तिचा तळवा ठेवला आणि लांब लांब फिरवायला सांगितला. डोळ्यांना तो पत्रा अगदी गुळगुळीत दिसत होता.

"इथे काहीतरी आहे," ती म्हणाली. "आणि इथे. छोटंसं."

"दोन आहेत," आजोबा खूश झाले. "उद्यापर्यंत काढेन."

मग त्यांनी तिला तळहाताएवढा पत्रा आणि लाकडी हातोडी दिली. तिने वाळूच्या उशीवर ठोकायला सुरुवात केली. दहा मिनिटांत पत्र्याचं झालं अक्रोडाचं कवच, नुसते उंचवटे आणि खळगे. ती हिरमुसली. आजोबा म्हणाले, "सगळ्यांचं आधी असंच होतं." त्यांनी तिला चाकापाशी उभं केलं. तासभर ती पत्रा पुढेमागे सरकवत होती. हात भरून आले, पण थांबली नाही. शेवटी एक उथळ वाटी तयार झाली. चकचकीत. फक्त एका कडेला जरा चपटी.

"हे तेवढं नीट करून द्याल?" तिने विचारलं.

आजोबांनी मान हलवली. "मी हात लावला तर ती माझी वाटी होईल."

मी त्यांना सांगितलं, आमच्या पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथले कारागीर तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने एकसारखे ठोके देतात. त्यामुळे भांडं कठीण होतं आणि चकाकतं. त्याला आम्ही 'मठारणं' म्हणतो. आजोबा चमकलेच. त्यांच्या भाषेतही त्या कामाला वेगळा शब्द आहे म्हणे. मठारणं हा शब्द त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

निघताना भाचीने विचारलं, "तुम्ही घडवलेल्या गाड्यांवर तुमचं नाव असतं का?"

आजोबांनी उलट तिलाच विचारलं, "टीव्हीवरची पहिली बॅटमोबिल कोणी बनवली, सांग."

तिने पटकन फोन काढला. "जॉर्ज बॅरिस. १९६६."

"आणि तिचा पत्रा कोणी ठोकला?"

ती शोधत राहिली. उत्तर आहे बिल कुशेनबेरी. ही बॅटमोबिल मुळात १९५५ ची, इटलीतल्या तुरिन शहरात घडवलेली 'लिंकन फ्युचुरा' ही प्रदर्शनाची गाडी. तिची बॅटमोबिल करायला मिळाले जेमतेम तीन आठवडे. त्यासाठीचं पत्र्याचं काम जॉर्जने कुशेनबेरीकडून करून घेतलं. २०१३ मध्ये ती गाडी लिलावात ४६ लाख डॉलरला गेली आणि बातमीत नाव झळकलं ते जॉर्जचं. सॅमचंही थोडंफार तसंच. १९५० च्या दशकातच तो दुकान सोडून कुटुंबासह उत्तरेकडे राहायला गेला आणि १९६७ साली, ऐन उमेदीत, कॅन्सरने वारला. जॉर्ज २०१५ पर्यंत होता आणि जगभर गाजला. जॉर्जने काही खोटं केलं असं नाही हं. दुकान चालवणं, गिऱ्हाईक आणणं हेही कामच. पण हातोडीचा आवाज फोटोत येत नाही, हे खरं.

"माझं काम जितकं चांगलं, तितकं ते कमी दिसतं," आजोबा म्हणाले. ते नाराज नव्हते. त्यांना काळजी होती ती वेगळीच. कार्यशाळेत दोन हातोड्यांचे दांडे नवे होते, पण त्या धरणारं तरुण माणूस कोणी दिसलं नाही.

अर्थात ही विद्या शिकवणारे आहेत. कॅन्सस राज्यात मॅकफर्सन कॉलेज आहे. तिथे १९७६ पासून जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचं शिक्षण मिळतं, आता तर त्यात चार वर्षांची पदवीही आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९५३ ची एक मर्सिडीज-बेंझ कित्येक वर्षं खपून उभी केली. २०२३ साली पेबल बीचच्या प्रख्यात प्रदर्शनात तिला तिच्या गटात दुसरा क्रमांक मिळाला. लक्षाधीशांच्या गाड्यांमध्ये कॉलेजच्या पोरांची गाडी!

दुसऱ्या दिवशी रविवार. भाची सकाळीच तयार. "मामा, चल ना. परत जाऊ या पोमोनाला."

या वेळी ती गाड्यांच्या रंगाकडे फारसं बघत नव्हती. प्रत्येक गाडीपुढे माहितीचा एक फलक असतो. वर ठळक अक्षरांत मालकाचं नाव आणि गाडीचं नाव. मग इंजिन कोणाचं, रंग कोणाचा, गाद्या कोणी शिवल्या. त्यातच कुठेतरी बारीक अक्षरांत एक ओळ असते, पत्र्याचं काम कोणाचं. भाची वाकून तीच ओळ शोधत होती. एका निळ्या गाडीपुढे ती थांबली आणि मला हाक मारली. त्या बारीक ओळीत आमच्या आजोबांचं नाव होतं.

तिने हळूच इकडेतिकडे पाहिलं. गाडीला हात लावायची परवानगी नसते. म्हणून तिने तळवा पत्र्यापासून चार बोटं वर धरला आणि मडगार्डाच्या गोलाईवरून तसाच हवेतून फिरवला.

दोस्तांनो, तुमच्या घरी मठारलेला तांब्या किंवा जुनं पातेलं असेल. आज ते काढा. डोळे मिटा आणि तळवा फिरवा. प्रत्येक बारीक खड्डा म्हणजे एक ठोका आहे, आणि प्रत्येक ठोक्यामागे एक हात आहे. तो कुणाचा, हे आजीला विचारून बघा. कदाचित तिला आठवत असेल.